बुश, शाफ्ट आणि खुबा





परिषदेच्या स्वागताध्यक्षाने हॉल, जेवण आणि गाड्या लावायची सोय बघायची, अशी माझी समजूत होती. ती तिन्ही कामं झाली आहेत. भाषणाचं संयोजकांनी मला गेल्या आठवड्यात सांगितलं. मी म्हटलं, अहो, मी डॉक्टर नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ४४ वर्षं बुश आणि शाफ्ट करतोय. ते म्हणाले, म्हणूनच. शिवाय माझ्या उजव्या खुब्यात २०१४ पासून सिरॅमिकचा गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी आहे, त्यामुळे कृत्रिम सांध्यांची झीज या परिषदेच्या विषयाशी माझा संबंध तसा आतूनच आहे.

उसाच्या चरकाचं काम शिकताना वडिलांनी पहिला धडा दिला तो असा : शाफ्ट कडक, बुश मऊ. झिजायचं ते बुशाने. हंगाम संपला की गनमेटलचा बुश ठोकून काढायचा, नवा बसवायचा; शाफ्टला धक्का लागता कामा नये. खुब्याला हा नियम निम्माच लागू पडतो, आणि उरलेल्या निम्म्यावर तुम्ही आज आणि उद्या बोलणार आहात. चरकाच्या बुशाचा चुरा काळ्या ग्रीसबरोबर बाहेर येतो, आम्ही तो फडक्याने पुसतो. खुब्यात फडकं कोण घालणार? तिथला चुरा तिथेच राहतो.

हे ज्याला स्वतःच्या अंगावर कळलं तो माणूस म्हणजे इंग्रज शल्यविशारद जॉन चार्न्ली. फ्रान्समध्ये ज्युडे बंधूंनी १९४६ साली ॲक्रिलिकचा गोळा बसवायला सुरुवात केली होती. त्यातल्या एका रुग्णाचा खुबा जेवणाच्या टेबलावर पुढे वाकलं की इतका करकरायचा, की बायको उठून दुसऱ्या खोलीत जायची. चार्न्लीने ही करकर घर्षणाची म्हणून ओळखली आणि सगळ्यात निसरडा पदार्थ शोधला. तो होता टेफ्लॉन. १९५८ पासून इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात सुमारे ३०० जणांना टेफ्लॉनच्या वाट्या बसल्या. सुरुवातीला रुग्ण अक्षरशः काठ्या टाकून चालत गेले. तीन-चार वर्षांत वाट्या झिजल्या आणि सांध्याभोवती गाठी झाल्या. निसरडेपणा आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या कुठल्याही टर्नरने सांगितलं असतं; पण त्या चुऱ्याने शरीर चिडतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. चार्न्लीने टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले, महिनोन्‌महिने वाट पाहिली, आणि गाठी झाल्याचं छापून जाहीर केलं. मग स्वतः बसवलेल्या त्या वाट्या स्वतःच एकेक करून काढल्या. आपल्या हातून बिघडलेलं काम गिऱ्हाइकाला बोलावून दुरुस्त करून देणारा कारागीर मी फार थोडा पाहिला आहे.

त्यापुढची गोष्ट मला त्याहून आवडते, कारण तिचा नायक वर्कशॉपवाला आहे. हॅरी क्रेव्हन हा चार्न्लीचा तंत्रज्ञ. मे १९६२ मध्ये एक विक्रेता त्याच्याकडे एका प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागांच्या दातेरी चाकांना ते वापरत. चार्न्लीने तुकड्यात नख रुतवून पाहिलं आणि निकाली काढलं. क्रेव्हनने साहेब परगावी गेल्यावर तो तुकडा झिजवणीच्या यंत्राला लावून ठेवला. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं, तेवढं हे तीन आठवड्यांतही झिजलं नाही. तेच अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्याची पहिली वाटी माणसात बसली, तिच्यात फिरणारा गोळा २२.२२५ मिलिमीटरचा, म्हणजे सरळ पाऊण इंचाहून एक अष्टमांश इंच जास्त. इचलकरंजीच्या मागवाल्या मित्रांना मी हे सांगतो तेव्हा ते म्हणतात, म्हणजे तुझ्या खुब्यात आमच्या मागाचा पिकर बसवलाय म्हण की!

पॉलिथिलीन टिकलं, पण झिजलं नाही असं नाही. वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या जाडीएवढं. आमच्या धंद्यात याला झीज म्हणून कुणी गिऱ्हाईक तक्रार घेऊन येणार नाही. पण त्या कागदाचे मायक्रॉनहूनही बारीक असंख्य कण होतात, पेशी ते गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि त्या झटापटीत भोवतालचं हाड विरघळतं. गंमत म्हणजे बरीच वर्षं या हाड विरण्याचं खापर सांधा हाडात बसवायच्या सिमेंटवर फोडलं गेलं. ‘सिमेंटचा आजार’ असं नावसुद्धा पडलं. बिनसिमेंटच्या सांध्यांतही हाड विरलेलं दिसलं तेव्हा खरा आरोपी सापडला. दुसरं असं, की वाट्या निर्जंतुक करायला हवेत गॅमा किरण देत, त्यामुळे पॉलिथिलीन आतून गंजू लागे. खोक्यात बंद, कपाटात ठेवलेली वाटीदेखील म्हातारी होत होती! नव्वदच्या दशकात हे उमगलं. मग त्याच किरणांची मात्रा वाढवून, नंतर उष्णता देऊन, साखळ्या एकमेकींत गुंफलेलं क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन आलं. ते कमी झिजतं, पण थोडं ठिसूळ होतं; पातळ वाटीची कड तडकू शकते. काही फुकट मिळत नाही.

सिरॅमिकबद्दल इथल्या फाउंड्रीवाल्यांसाठी एकच प्रसंग सांगतो. फ्रान्समध्ये पो इथे पिएर बुतँ यांनी १९७० मध्ये अल्युमिनावर अल्युमिना बसवलं. झीज जवळजवळ नाहीच, पण फुटण्याची भीती. पुढे झिर्कोनियाचे गोळे आले, चांगले चालले. १९९८ मध्ये फ्रान्समधल्याच एका कारखान्याने घाणाघाणाने भाजायची भट्टी बदलून सलग चालणारी बोगदाभट्टी घेतली. माल तोच, भुकटी तीच, मापं तीच. गोळे माणसांच्या अंगात फुटू लागले आणि २००१ मध्ये माल परत बोलवावा लागला. शिरोलीच्या कुठल्याही भट्टीवाल्याला विचारा, भट्टी बदलली म्हणजे माल बदलला. आणि सिरॅमिक फुटल्यावर त्या जागी धातूचा गोळा बसवला, तर मागे राहिलेले तुकडे त्या गोळ्याला कानशीसारखे खातात.

आता झीज मोजायची कशी, ते प्रयोगशाळेतले मित्र सांगतीलच. मी असं एक यंत्र पाहिलं आहे. वासराच्या रक्ताचा पातळ केलेला द्रव, ३७ अंश, त्यात सांधा सेकंदाला एक पाऊल टाकत असतो. दहा लाख पावलं म्हणजे ढोबळमानाने माणसाचं एक वर्ष. पन्नास लाख व्हायला ५८ दिवस, तेही यंत्र थांबलं नाही तर. ठरावीक टप्प्यांवर वाटी काढायची, धुवायची, वाळवायची, तोलायची. पण पॉलिथिलीन द्रव पितं आणि वजन वाढतं, मग झीज कळणार कशी? म्हणून शेजारी आणखी एक वाटी नुसतीच भाराखाली भिजत ठेवतात. ती चालत नाही, फक्त पिते. तिचं वाढलेलं वजन हिशेबात धरतात. त्या न चालणाऱ्या वाटीसमोर मी बराच वेळ उभा होतो.

पण यंत्र नीट चालतं, माणूस नाही. माणूस अडखळतो, उकिडवा बसतो, पंगतीत मांडी घालतो. आपल्याकडे खुबा बदलणाऱ्यांत रक्तपुरवठा तुटून हाडाचा गोळा मेलेले तरुण फार. त्यांना पुढची चाळीस वर्षं काढायची असतात. आणि यंत्राचा निकाल माणसात टिकतोच असं नाही : धातूवर धातूचे सांधे यंत्रावर उत्तम ठरले होते. त्यांतल्या एएसआर नावाच्या सांध्याचं काय झालं, हे या सभागृहात मी सांगायला नको. ऑस्ट्रेलियाच्या सांधेबदलाच्या नोंदवहीने २००७ मध्येच त्याच्या अपयशावर बोट ठेवलं होतं. जगभरातून तो परत बोलावला ऑगस्ट २०१० मध्ये, तोवर सुमारे ९३ हजार बसले होते. भारतात सुमारे ४,७००. आपल्या सरकारच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक माणसांचा पत्ताच लागत नव्हता. ट्रॅक्टरचा पार्ट परत बोलावला तर आमचा डीलर चेसिस नंबरावरून गाव शोधून काढतो हो!

म्हणून माझं बुशवाल्याचं मत असं, की साहित्याची कुस्ती बरीचशी निकाली झाली आहे, राहिली आहे ती नोंदींची. ऑस्ट्रेलियाच्याच वहीत १६ वर्षांनी जुन्या पॉलिथिलीनचे ११.७ टक्के सांधे पुन्हा करावे लागले, क्रॉसलिंक्डचे ६.२ टक्के. स्वीडनने अशी वही १९७९ मध्ये उघडली. २५ वर्षांनी १०० पैकी ५८ खुबे शाबूत असतात, हा आकडा आज सगळे सांगतात. तो ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या वह्यांतून निघाला. त्यात मांडी घालणारं कुणी असेलच, तर चुकून. आपल्याकडे शल्यचिकित्सकांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ज्याच्या-त्याच्या मर्जीवर.

मर्जीवर सोडलं की काय होतं, ते आमच्या घरात झालं आहे. थोरल्या वहिनींचा खुबा २००१ मध्ये एका मोठ्या शहरात बदलला. २०२२ मध्ये दुखू लागला. एक्स-रेत गोळ्याखालचा दांडा मांडीच्या हाडात पक्का होता, फक्त वाटी खाल्ली होती. नवी वाटी आणि नवा गोळा घातला की भागलं असतं. पण दांड्याच्या निमुळत्या टोकाचं माप कुठल्या कंपनीचं, हे कळल्याशिवाय त्यावर गोळा बसवणार कसा? जुन्या रुग्णालयात कागद शिल्लक नव्हते. घरात सांध्याच्या खोक्यातलं स्टिकर नव्हतं, असं काही स्टिकर असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. शेवटी पक्का बसलेला दांडा मांडीचं हाड चिरून काढावा लागला. ७४ वर्षांच्या बाईला त्यासाठी पाच महिने अंथरुणात काढावे लागले.

त्यांची झिजलेली वाटी मी मागून घेतली. व्हर्नियर लावून मोजली : एका बाजूला साडेआठ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला चार. लेथवर मुद्दाम केली तरी इतकी गुळगुळीत खोलगट झीज यायची नाही.

तर आलेल्या पाहुण्यांना माझी विनंती. सोमवारी परत गेल्यावर पहिल्या शस्त्रक्रियेच्या खोक्यातलं स्टिकर रुग्णाच्या फाइलला लावाल, तेव्हा त्याचा जोड रुग्णाच्या हातात द्या आणि रेशनकार्डाबरोबर ठेवायला सांगा. काढलेला सांधा कचऱ्यात टाकू नका. वहिनींची वाटी बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवली आहे. चहाला जाताना हातात घेऊन बघा आणि परत जागेवर ठेवा, ती मला घरी न्यायची आहे.