भाडेकरूला नोटीस आली तर...



मी वकील नाही, बँकेतला साधा कारकून आहे. पण तारीख, रक्कम आणि पावती यांचे मोल आमच्या टेबलावर रोज कळते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही याच तीन गोष्टी तारतात.

भाडे थकल्याची नोटीस आली की आपला माणूस घाबरतो. कोणी सामान बांधू लागतो, कोणी पाकीटच परत पाठवतो. दोन्ही चूक! नोटीस म्हणजे घर सोडण्याचा हुकूम नव्हे. आणि बरोबर पत्त्यावर आलेले टपाल नाकारले, तरी कोर्ट सहसा ते पोचले असेच धरते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम १५ प्रमाणे मालकाने आधी थकबाकीची लेखी मागणी केली पाहिजे. ती भाडेकरूला पोचल्यावर ९० दिवस उलटेपर्यंत त्याला ताब्याचा दावा लावता येत नाही. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यात ही मुदत एकच महिना होती.

या ९० दिवसांत थकबाकी भरा. शक्यतो चेकने किंवा खात्यातून भरा, म्हणजे नोंद राहते. रोख दिलीत तर पावती मागा. पावती देणे मालकावर बंधनकारक आहे.

दावा लागलाच, तरी आणखी एक संधी असते. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सारी थकबाकी दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरावी, दाव्याचा खर्च द्यावा आणि निकालापर्यंत भाडे नियमित भरत राहावे. मग थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. एक मात्र ध्यानात ठेवा : हे संरक्षण भाडेकरूला आहे. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणाऱ्याचे नियम वेगळे आहेत. म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय असते.

घरे पैशाअभावी जातात, तशी ती गप्प बसल्यानेही जातात. म्हणून नोटीस घ्या, तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहा आणि त्याच दिवसापासून दिवस मोजायला लागा.