घरच्या संगणकाला इंटरनेट मिळेना, तर?
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



महिन्यापूर्वी आपल्या चिटणीसबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मला वाटले, आहार, आरोग्य किंवा मुलांचे वाचन असा नेहमीचा विषय असेल. पण त्या म्हणाल्या, "तुमचे इंटरनेट बंद पडले होते ना, तेव्हा काय झाले ते सांगा." मी एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले, तेव्हा मी चौथीच्या मुलांकडून पाढे घोकून घेत होते. या गोष्टीशी आपला कधी संबंध येईल, असे मला तेव्हा स्वप्नातही वाटले नसते. म्हणून तज्ज्ञ या नात्याने नव्हे, तर एकदा चांगलीच फजिती झालेली बाई या नात्याने मी आज तुमच्यापुढे उभी आहे. फजिती आधी सांगते, उपाय मागाहून.

२०२५ च्या जून महिन्यातली गोष्ट. आमच्या शेजारची मुलगी दहावी पास झाली होती. तिला तंत्रनिकेतनात जायचे होते आणि प्रवेशाचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. मोबाईलच्या चिमुकल्या पडद्यावर तो लांबलचक अर्ज तिला नीट भरता येईना. शिवाय तिचे दाखले मी आधीच माझ्या संगणकात साठवून ठेवले होते. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचा जुना संगणक माझ्याकडे राहिला, तोच हा. दुपारी दोनला मुलगी आली. आदल्या दिवशी विजा चमकत होत्या म्हणून मी संगणकाचा प्लग काढून ठेवला होता. तो लावला, संगणक सुरू केला आणि पाहते तो एकही पान उघडेना! दर वेळी इंग्रजीत काहीतरी चार ओळी येत आणि मी त्या न वाचताच बंद करी. एकदा केले, दहादा केले. घड्याळात तीन वाजले.

मुलगी काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला पाहवेना. मग मी घाबरून जे केले, ते भगिनींनो, तुम्ही कधी करू नका. मोबाईलवर 'इंटरनेट दुरुस्ती मदत' असे शोधले आणि जो पहिला नंबर दिसला त्यावर फोन लावला. पलीकडचा गृहस्थ फारच गोड बोलला. "माताजी, आपकी लाईन में व्हायरस आ गया है," असे म्हणाला. त्याने मला मोबाईलवर एक ॲप उतरवून घ्यायला लावले आणि त्यात दिसणारे नऊ आकडे वाचून दाखवायला सांगितले. ते आकडे त्याला मिळाले की माझा मोबाईल त्याला तिथे बसल्या बसल्या दिसणार होता. त्याच मोबाईलवर माझ्या बँकेचे संदेश येतात, माझे निवृत्तिवेतन जमा झाल्याचे कळते. हे मला त्या वेळी सुचले नाही.

मी आकडे वाचण्यासाठी चष्मा शोधू लागले. तेवढ्यात मुलगी पडद्यावरचे इंग्रजी अडखळत वाचत म्हणाली, "बाई, यात घड्याळाबद्दल काहीतरी लिहिलंय. तुमचं घड्याळ मागे आहे, असं." मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले. तिथे साल होते २०१२!

मी फोनवरच्या माणसाला म्हटले, "थांबा, मी नंतर बोलते." त्यासरशी त्याचा गोडवा संपला. तो दरडावू लागला, "अभी नहीं किया तो सब बंद हो जाएगा." तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. फोन ठेवला. संगणकाची तारीख-वेळ बरोबर केली आणि पाने भराभर उघडू लागली. पावणेपाचला अर्ज पोहोचल्याची पावती हाती आली.

झाले होते ते इतकेच. संगणकाच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते. यंत्राची वीज बंद असतानाही घड्याळ चालू राहते ते तिच्यामुळे. ती संपली होती. प्लग काढताच संगणक तारीख विसरला. आता, तारखेचा आणि पान न उघडण्याचा संबंध काय? आपण सुरक्षित संकेतस्थळावर जातो तेव्हा ते स्थळ आपले ओळखपत्र दाखवते. त्या ओळखपत्रावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध, असे लिहिलेले असते. २०१२ सालात जगणाऱ्या संगणकाला २०२५ चे ओळखपत्र अजून सुरूच न झालेले दिसते, म्हणून तो दार उघडत नाही. म्हणजे तो बिचारा आपले रक्षणच करीत होता! सीआर २०३२ नावाची ती बॅटरी घड्याळाच्या दुकानात मिळाली. किंमत एका नारळाएवढी.

चाळीस वर्षे मी मुलांना सांगत आले, "आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा." आणि स्वतः मात्र समोरचे चार शब्द वाचले नाहीत. म्हणून माझा पहिला उपाय हाच. पडद्यावर जे लिहून येते ते बंद करण्याआधी वाचा. कळले नाही तर कागदावर उतरवून घ्या आणि कळणाऱ्या माणसाला वाचून दाखवा.

त्यानंतर मुलगा गणपतीला आला तेव्हा मी त्याला समोर बसवून सारे शिकून घेतले. ते आपल्या भाषेत सांगते.

स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी आले नाही तर आपण काय करतो? लगेच नगरपालिकेत धावत नाही. आधी न्हाणीघरातला नळ उघडून पाहतो. तिथे पाणी असेल तर दोष स्वयंपाकघरातल्या नळाचा. तिथेही नसेल तर टाकी पाहतो. टाकी कोरडी असेल तर शेजारणीला विचारतो, "तुमच्याकडे आले का हो?" इंटरनेटचेही तंतोतंत असेच आहे. आपला संगणक हा नळ, भिंतीवरची दिव्यांची पेटी, जिला राऊटर म्हणतात, ती टाकी आणि बाहेरून येणारी तार म्हणजे नगरपालिकेची वाहिनी. पाणी कुठवर आले आहे एवढे शोधायचे.

तर पहिल्याने दुसरा नळ उघडा. मोबाईल त्याच घरच्या वायफायला जोडून एखादे पान उघडून पाहा. पण येथे एक मेख आहे. मोबाईलचे स्वतःचे इंटरनेट, म्हणजे मोबाईल डेटा, आधी बंद करा. नाहीतर पान येते मोबाईल कंपनीकडून आणि आपण समजतो की घरचे वायफाय ठीक आहे. ही चूक फार जणींची होते.

मोबाईलवरही पान आले नाही, तर टाकीकडे चला. पेटीवर एकही दिवा नसेल, तर वीज पोहोचत नाही. बटण, पिन, छोटा अडॅप्टर पाहा. वीज गेलेली असून पेटी इन्व्हर्टरवर नसेल तर वाट पाहण्यावाचून इलाज नाही. पेटीवर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल दिसत असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच पोहोचत नाही. होय, प्रकाश! हल्ली येणाऱ्या तारेत तांबे नसते. केसाइतकी बारीक काचेची तंतू असते आणि तिच्यातून प्रकाश धावतो. आपल्या कोकणात माकडांनी झोका घेतला, फांदी पडली की ती तुटते. घरातही ती कपाटामागे दुमडली गेली किंवा कोणी तिच्यावर टॉवेल वाळत घातला, तर प्रकाश अडतो. दुमड दिसली तर हलक्या हाताने सैल करा. त्याउपर आपल्या हाती काही नाही. बिलावर छापलेल्या नंबरवर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. तुटलेल्या टोकात डोळा घालून मात्र पाहू नका.

दिवे ठीक दिसत असून पाणी नाही, तर पेटी बंद करा, मनात तीस आकडे मोजा, पुन्हा सुरू करा आणि तीन-चार मिनिटे थांबा. हा टोटका नव्हे. पेटी हासुद्धा एक लहानसा संगणकच आहे. दिवसचे दिवस चालून तिच्या स्मरणात गोंधळ होतो. बंद केल्याने पाटी कोरी होते आणि ती कंपनीशी नव्याने जोडून घेते. पण पेटीला एक बारीक भोक असते, त्यात टाचणी घालून दाबू नका. त्याने कंपनीच्या माणसाने भरून ठेवलेली सारी माहिती पुसली जाऊ शकते. एवढे करूनही येत नसेल तर महिन्याचे पैसे भरायचे राहिले नाहीत ना, हे पाहा. हसू नका, माझ्याकडे हेही एकदा झाले आहे!

आता, मोबाईलवर पान येते पण संगणकावर येत नाही, तर दोष नळाचा. संगणकात विमानाचे चित्र असलेले बटण चुकून दाबले गेले की वायफाय बंद होते. नातवंडे घरी आली की हे हमखास घडते. तार लावलेली असेल तर तिचे टोक 'टक्' असा आवाज येईपर्यंत आत बसले पाहिजे. पेटी बदलली असेल तर परवलीचा शब्दही बदलतो. तेव्हा संगणकातून जुने नाव काढून टाकून नव्याने जोडावे. आपली घरे जांभ्या दगडाची, भिंती हातभर जाड. पेटी माजघरात आणि संगणक पडवीत असला तर लहरी वाटेतच दमतात. पेटी दोन नावे दाखवीत असेल, तर '५ जी' लिहिलेले वेगवान असते पण भिंतीपलीकडे कमी पोहोचते. लांब असताना दुसरे घ्यावे.

इतक्यानेही भागले नाही, तर पुढची पायरी थोडी धीटपणाची आहे. संगणकात 'कमांड प्रॉम्प्ट' नावाची काळी चौकट उघडते. तिच्यात 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला की आपल्या संगणकाचा पत्ता दिसतो. पेटी प्रत्येक यंत्राला घरातल्या घरात एक पत्ता वाटते. तो पुष्कळदा १९२.१६८ ने सुरू होतो. त्याऐवजी १६९.२५४ दिसले, तर समजावे की पेटीने पत्ता दिलाच नाही. पेटी आणि संगणक दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करावे. पत्ता ठीक असेल तर 'पिंग' हा शब्द, एक जागा सोडून ८.८.८.८ असे लिहावे. म्हणजे दूरच्या यंत्राला हाक मारणे. हा गूगलच्या एका सार्वजनिक सेवेचा पत्ता आहे. उत्तर आले म्हणजे पाणी बाहेरून आपल्यापर्यंत येते आहे. तरीही पाने उघडत नसतील, तर पुष्कळदा दोष नावाच्या वहीत असतो. यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, आपण नावांनी. नावावरून आकडा शोधून देणारी ही पद्धत पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. टेलिफोनची डिरेक्टरी हरवली तर फोन ठीक असूनही नंबर लावता येत नाही, तसेच हे. पेटी पुन्हा सुरू केल्याने हे बहुधा सुटते. न सुटल्यास कंपनीच्या माणसाला नेमके हेच सांगावे की, "आकड्याला उत्तर येते, नावाला येत नाही." तो तुम्हाला मग 'मॅडम, स्विच चालू आहे का' असे विचारणार नाही!

आणि शेवटी, पाने उघडत नाहीत पण बाकी सारे ठीक दिसते, तेव्हा कोपऱ्यातली तारीख पाहायला विसरू नका.

भगिनींनो, हे सारे पाठ करण्याची गरज नाही. गरज आहे ती एका वहीची. देव्हाऱ्याजवळच्या कपाटात दुधाचा हिशेब असतो, तशी ही वही ठेवा. तिच्यात कंपनीचे नाव, आपला ग्राहक क्रमांक आणि बिलावरचा तक्रारीचा नंबर लिहा. म्हणजे घाईच्या वेळी मोबाईलवर नंबर शोधण्याची पाळी येणार नाही. माझी सारी फजिती तिथेच सुरू झाली. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ॲप उतरवू नका, पडद्यावरचे आकडे किंवा ओटीपी वाचून दाखवू नका. आणि चुकून पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे, त्यावर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

मी त्या दिवशी फसले नाही, यात माझी हुशारी काहीच नव्हती. चष्मा सापडला नाही आणि एका मुलीने चार ओळी वाचल्या, एवढेच. ती मुलगी आज तंत्रनिकेतनात शिकते आहे. मागे ती भेटली तेव्हा मी तिला म्हटले, "आपल्या मंडळात महिन्यातून एका दुपारी येऊन आम्हा बायकांना हे दाखवशील का?" ती म्हणाली, "येईन की, पण बाई, तुम्ही वही घेऊन बसायचं." अध्यक्षबाईंनी परवानगी दिली तर पुढच्या महिन्यापासून ही दुपार सुरू करावी, अशी माझी सूचना आहे. पहिल्या बाकावर वही घेऊन मी बसेन.