थंडीआधीचं घर

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा ५ अंशांच्या आसपास उतरला की त्याची बातमी होते. आकडा येतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. गव्हाला ही थंडी मानवते, द्राक्षबागायतदाराची मात्र झोप उडते. आणि घर? आपली घरं बांधलेली असतात उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून.

पत्र्याचं घर असेल तर भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट आधी बुजवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून त्या बाजूच्या खिडक्या दुपारी उघडा आणि ऊन उतरायच्या आत लावून घ्या. गोधड्यांना आत्ताच ऊन दाखवा.

खरी काळजी शेगडीची. कोंदट खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला गुंगी कधी चढली ते कळतही नाही. निखाऱ्यांवर राख धरली म्हणजे शेगडी विझली, असं समजू नका. झोपण्याआधी ती अंगणात ठेवा. गॅस गिझरही न्हाणीघराबाहेरच बसवा. आणि हो, फटी बुजवण्याच्या उत्साहात न्हाणीघराचा झरोका तेवढा बुजवू नका.