दोन धावा



मे १९९१. दहावीची परीक्षा देऊन आपण निकालाची वाट बघत होतो. ८ तारखेला सकाळी कर्जत स्टेशनवर एकाच पेपरावर आपण सहाजण वाकलो होतो. वानखेडेवरच्या रणजी फायनलमध्ये कपिल देवच्या हरियाणाने मुंबईला दोन धावांनी हरवलं होतं. हव्या होत्या ३५५, झाल्या ३५२. सचिन ९६, वेंगसरकर नाबाद १३९. शेवटच्या जोडीने ४७ जोडल्या आणि कुरुविला धावबाद! वेंगसरकरसारख्या माणसाला मैदानातच रडू आवरलं नाही.

कुरुविलाला आपण शिव्या घातल्या. एकजण मात्र गप्प होता. त्याच जानेवारीत खालापूरच्या मॅचमध्ये आपला शेवटचा गडी म्हणून तोच धावबाद झाला होता. तुम्ही सगळ्यांनी त्यालाच बोल लावला, कारण मी तसं सांगितलं होतं. खरं तर धाव मीच मागितली आणि अर्ध्यावरून परत फिरलो.

तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. गड्या, कॉल माझा होता. सरांसमोर, सगळ्यांसमोर सांगतो. स्कोअरबुकात आता बदल होणार नाही, पण आपल्या आठवणीत तेवढी दुरुस्ती करून घ्या.