जुन्या ट्रॅक्टर व जीपला तापमानाचा मीटर बसविणे
(ट्रॅक्टरधारक शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रब्बीची काढणी आटोपली की जिंतूर, सेलू, गंगाखेडकडील काळ्या रानात खोल नांगरट सुरू होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. जमीन वाळून दगडासारखी झालेली असते आणि ट्रॅक्टर दिवसभर खालच्या गिअरमध्ये ओढत असतो. हेड गॅस्केट जळण्याचे, हेडला तडा जाण्याचे प्रकार याच दिवसांत जास्त घडतात. जुन्या ट्रॅक्टरवर पाहावे तर तापमानाचा काटा कित्येक वर्षांपासून एकाच जागी चिकटलेला. मग इंजिन तापल्याचे कळते ते वाफ निघाल्यावर, आणि ऐन नांगरटीत ट्रॅक्टर गॅरेजला जाऊन बसतो.

महिंद्राचा बी-२७५ अजून अनेकांकडे आहे. महिंद्राच्या काही जुन्या डिझेल जीपांतही याच घराण्याचे इंजिन असे. त्यामुळे आज सांगतो ते जीपवाल्यांनाही लागू आहे.

बाजारात मीटर दोन प्रकारचे मिळतात. एक यांत्रिक. यात पाण्यात बुडणारा बल्ब, बारीक तांब्याची नळी आणि मीटर एकसंध असतात. बॅटरी लागत नाही. दुसरा विजेवरचा. यात इंजिनावर सेंडर बसतो आणि तेथून मीटरपर्यंत वायर येते. ज्यांच्या ट्रॅक्टरची वायरिंग ठिकठिकाणी जोडलेली आहे, त्यांनी यांत्रिक मीटरच घ्यावा असे माझे मत आहे.

बसविण्यापूर्वी यांत्रिक मीटरचा बल्ब उकळत्या पाण्यात धरावा. परभणीच्या उंचीवर पाणी सुमारे ९९ अंशांना उकळते. काटा १०० च्या जवळपास आला नाही, तर मीटर परत करावा.

आता मुख्य प्रश्न जागेचा. बल्ब थर्मोस्टॅटच्या अलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, हेडमधील फिरत्या पाण्यात असला पाहिजे. अनेक इंजिनांच्या हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या बॉडीवर आट्यांचे एक बूच असते, ते शोधावे. पुष्कळ ठिकाणी वरच्या होज पाईपमध्ये जोड टाकून त्यात बल्ब बसवितात. ते सोपे जाते, पण थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर तेथे गरम पाणी पोचतच नाही. आत इंजिन उकळते आणि काटा थंड दाखवितो. दुसरी जागाच नसेल तरच हा मार्ग धरावा. विजेचा सेंडर असा रबरी पाईपमध्ये बसविला, तर जोडाला अर्थिंगची स्वतंत्र वायर द्यावी, नाहीतर काटा हलणार नाही.

काम इंजिन पूर्ण थंड असताना करावे. पाणी बुचाच्या पातळीखाली काढावे. आटे जुळत नसतील तर जोर लावू नये. जुने बूच दुकानात नेऊन त्या मापाचा रिड्यूसर आणावा. यांत्रिक मीटरचा नट आवळताना बल्ब फिरू देऊ नये, नळीला पीळ पडतो. ही नळी कापता येत नाही. ती पिचली वा तुटली की आतील द्रव जातो व मीटर निकामी होतो. जास्तीच्या नळीची दोन-तीन इंच व्यासाची सैल वेटोळी करून बांधावी, एक्झॉस्टपासून दूर ठेवावी आणि पत्र्यातून जाते तेथे रबरी वॉशर घालावा. विजेच्या सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नये, त्याने अर्थिंग तुटते. सेंडर व मीटर एकाच जोडीचे घ्यावेत आणि वायरला छोटा फ्यूज द्यावा.

पाणी भरून इंजिन सुरू करावे, गळती पाहावी. काम करताना काटा साधारण ७५ ते ९५ अंशांत राहतो. त्यावर चढू लागला तर भार काढावा, पी.टी.ओ. बंद करावा आणि इंजिन काही मिनिटे मंद चालू ठेवावे. लगेच बंद केल्यास पाण्याचे फिरणे थांबते व हेड अधिकच तापते. फॅन बेल्ट तुटला असेल तर मात्र ताबडतोब बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतण्याची सवय तर सोडूनच द्यावी. मीटरच्या काचेवर ९५ पाशी लाल रंगाची रेघ ओढून ठेवावी. सालगड्याला आकडे समजावून सांगण्यापेक्षा ते सोपे पडते. काटा वारंवार रेघ ओलांडत असेल तर रेडिएटरच्या जाळीतील भुसा, सैल बेल्ट आणि बोअरच्या जड पाण्याने धरलेला क्षार, या क्रमाने तपासणी करावी.

आणखी एक खूण ड्रायव्हरला जरूर सांगावी. भर ओढीत काटा एकाएकी थंडकडे घसरला, तर इंजिन निवले असे समजू नये. होज फुटून पाणी निघून गेले, तर बल्ब कोरडा पडतो व काटा खाली येतो. अशा वेळी ट्रॅक्टर आहे तेथेच थांबवून इंजिन बंद करावे आणि पूर्ण निवल्यावरच झाकण काढून पाणी पाहावे.