राक्षे, महेंद्र, सिकंदर: पहिला नंबर कोणाचा?

ताथवड्यातून बोलतोय, त्यामुळे मागून हायवेचा हॉर्न ऐकू आला तर चालवून घ्या. आज कोडिंगबद्दल कमी आणि कुस्तीबद्दल जास्त बोलणार आहे. मध्ये थोडं बॉक्सिंगही येईल, कारण त्याशिवाय माझा मुद्दा पुरा होत नाही.

आधी तीन कुस्त्या सांगतो. तिन्ही पुण्याच्या परिसरातल्या, तिन्ही दहा महिन्यांच्या आतल्या.

१४ जानेवारी २०२३, कोथरूड. महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा अंतिम सामना, सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. महेंद्रने बाहेरची टांग मारली, पंचांनी ४ गुण दिले आणि महेंद्र पुढे गेला. त्या चार गुणांवरून जो गदारोळ झाला तो तुम्हाला आठवत असेलच. त्याच दिवशी किताबाची कुस्ती झाली, महेंद्र विरुद्ध शिवराज राक्षे. राक्षेने महेंद्रला चितपट केलं आणि गदा नेली. मग आला नोव्हेंबर. १० तारीख, नगर रोडवरचं फुलगाव. आता समोरासमोर राक्षे आणि सिकंदर. सिकंदरने झोळी डाव टाकला आणि २२ सेकंदांत राक्षे चीत. बावीस सेकंद! चहाचा कप खाली ठेवून मोबाईल उचलेपर्यंत विषय संपला होता.

म्हणजे हिशोब काय झाला? महेंद्रने सिकंदरला हरवलं, राक्षेने महेंद्रला हरवलं आणि सिकंदरने राक्षेला हरवलं. आता सांगा, या तिघांत एक नंबर कोण?

ग्रुपवर याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. मोहोळचा माणूस असेल तर सिकंदर. आपल्या चाकणच्या पुढचा, खेड-राजगुरुनगरकडचा असेल तर राक्षे, कारण शिवराज राक्षेवाडीचा. मंगळवेढ्याकडचा असेल तर महेंद्र. आणि मग सुरू होतं, पंच विकले गेले, ह्याला मुद्दाम पाडलं, त्याचं नशीब. कोथरूडच्या त्या निकालानंतर तर पंचांना धमकीचा फोन गेल्याची बातमी आली होती. मला वाटतं, या रागाच्या मुळाशी एक चुकीचं गृहीतक आहे. ते असं की पैलवानांची एक सरळ रांग असते, पहिला, दुसरा, तिसरा. आणि निकाल त्या रांगेच्या विरुद्ध लागला की काहीतरी घोटाळा झालाच असणार.

आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज सॉर्टिंग वापरतो. यादी लावायची तर दोन गोष्टींची तुलना करणारं एक फंक्शन द्यावं लागतं. त्याची एक अट असते. अ जर ब पेक्षा मोठा असेल आणि ब जर क पेक्षा मोठा असेल, तर अ हा क पेक्षा मोठा असलाच पाहिजे. ही अट मोडणारं फंक्शन दिलं तरी प्रोग्राम बहुतेक वेळा गप चालतो, काहीतरी यादी देतो. पण ती यादी कशी येईल हे तुम्ही माल कुठल्या क्रमाने आत टाकला त्यावर ठरतं. आता महाराष्ट्र केसरी आठवा. माती आणि गादी असे दोन वेगळे विभाग, दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. जानेवारीत सिकंदर आणि महेंद्र दोघंही मातीत होते, राक्षे गादीवर. त्यामुळे सिकंदरची राक्षेशी गाठच पडली नाही. ती नोव्हेंबरात पडली आणि गदा सिकंदरकडे गेली. पैलवान तेच, फक्त कोण कोणाच्या वाटेत आला ते बदललं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. बॉक्सिंगमध्ये याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आहे, आणि चारही माणसं जगातली सर्वोत्तम होती. अली, फ्रेझियर, फोरमन, नॉर्टन.

१९७१ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझियरने मोहम्मद अलीला पहिल्यांदा हरवलं. अली उंच, हात लांब, पायांवर नाचणारा. ठोसा आला की तो मान खाली घालत नसे, सरळ मागे झुकायचा. प्रशिक्षक पोरांना जे करू नका म्हणतात तेच तो करायचा, आणि त्याच्या वेगामुळे ते खपून जायचं. फ्रेझियर बुटका, कमरेतून वाकून, डोकं सतत डावी-उजवीकडे हलवत अंगावर येणारा. त्याचं हत्यार एकच, डावा हूक. हूक वळण घेऊन येतो, त्यामुळे मागे झुकलेलं डोकं त्याच्या वाटेतच सापडतं. पंधराव्या राउंडला त्याच हूकने अली पाठीवर पडला.

आता याच फ्रेझियरला जानेवारी १९७३ मध्ये जॉर्ज फोरमनने किंग्स्टनला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं. का? फ्रेझियरला खेळायचं तर आत शिरावंच लागायचं, आणि फोरमन आत येणाऱ्याला हातांनी ढकलून अंतरावर ठेवायचा आणि खालून ठोसे हाणायचा. म्हणजे जी सवय अलीला भारी पडली, तीच सवय फ्रेझियरला फोरमनच्या तोंडी घेऊन गेली. केन नॉर्टनने मार्च १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं. फोरमनने पुढच्या वर्षी नॉर्टनला दोन राउंडमध्ये संपवलं. आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात त्याच फोरमनला अलीने आठव्या राउंडला झोपवलं. दोरांना टेकून मार अंगावर घेतला, फोरमनला दमवलं, मग ठोसा. कागदावर बघितलं तर काहीच जुळत नाही. शैली बघितली तर सगळं जुळतं.

आणि अली-फ्रेझियरची जोडी तीन लढतींपर्यंत का टिकली? कारण दोघंही एकमेकांवर उपाय शोधत राहिले. १९७४ च्या दुसऱ्या लढतीत अलीने काय केलं, तर फ्रेझियर आत शिरला की त्याची मान धरून ठेवायची. बघायला कंटाळवाणं, पण हूक मारायला जागाच उरत नाही. लोकांना १९७५ ची मनिलाची लढत आठवते, जी चौदाव्या राउंडनंतर फ्रेझियरच्या प्रशिक्षकांनीच थांबवली. माझ्या मते शिकायला जास्त दुसऱ्या लढतीत मिळतं.

असो. परत आपल्या मातीत येऊ.

तिघांच्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू वेगळ्या कारणाने उभी आहे असं मला वाटतं. हे माझं वाचन आहे, तुमच्या वस्तादांचं वेगळं असू शकतं. महेंद्र आणि सिकंदर ही बाजू अंगापिंडाची. महेंद्र उंच, धिप्पाड. बाहेरची टांग हा डाव लांब पाय आणि वजन असलेल्या माणसाला शोभतो. एकदा समोरच्याचा पाय बाहेरून अडकला आणि वरून एवढं वजन आलं की चपळाई असून उपयोग नसतो, फार तर पडता पडता अंग वळवता येतं. वाद झाला तो नेमका तिथेच. सिकंदर पडताना पाठीवर धोक्याच्या अवस्थेत गेला का नाही गेला? गेला असेल तर चार, नसेल तर कमी. गावच्या जंगी कुस्तीत हा प्रश्नच आला नसता. तिथे गुण नाहीत, दोन्ही खांदे टेकले तर हार, नाहीतर उठा आणि परत भिडा. गुणांची पद्धत आली तशी टांगेची किंमत बदलली.

दुसरी बाजू, राक्षे आणि महेंद्र. दोघंही काका पवारांचे पठ्ठे, कात्रजच्या एकाच तालमीतले. महेंद्रचं वजन बाकीच्या पैलवानांना आखाड्यात पहिल्यांदा कळतं. राक्षेला त्यात नवीन काही नव्हतं. धिप्पाड पैलवानाचा अर्धा फायदा धक्क्यात असतो, तो इथे शून्य झाला. तुम्ही म्हणाल, महेंद्रलाही राक्षे माहीत होता की. हो, पण वेग आणि तंत्र ओळखीचं झालं म्हणून बोथट होत नाही.

तिसरी बाजू मला सगळ्यात रंजक वाटते. सिकंदर कोल्हापूरच्या गंगावेश तालमीचा, जंगी मैदानांवर वाढलेला. जंगी कुस्तीत गुण साठवून फायदा नाही, चीतच करायचं, आणि लवकर केलं तर लोक डोक्यावर घेतात. गादीवरची कुस्ती सहा मिनिटांची, तीन-तीनच्या दोन फेऱ्या. तिथे पहिलं अर्धं मिनिट हात जोखण्यात, मनगटं धरण्यात, एखादा गुण काढण्यात गेलं तरी बिघडत नाही. फुलगावला सिकंदरने ते अर्धं मिनिट दिलंच नाही. झोळीत तर नावातच सगळं आहे, समोरच्याला गाठोड्यासारखं गोळा करायचं. त्यातून सावरायला अंग सैल आणि मोकळं लागतं, आणि कुस्ती अजून सुरूच होतेय असं मनात असलेल्या माणसाचं अंग तसं नसतं. राक्षे कमी ताकदीचा होता असं या २२ सेकंदांतून अजिबात निघत नाही. त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या संघटनेची महाराष्ट्र केसरी झाली आणि तिथे गदा राक्षेनेच घेतली. (दोन संघटना, दोन गदा, हा वेगळा एपिसोड आहे. त्यात मला पडायचं नाही.)

आता कोणी म्हणेल, तीन कुस्त्यांवरून एवढा सिद्धांत? डेटा कमी आहे, मान्य. त्यातली एक वादग्रस्त, एक बावीस सेकंदांची. तरी एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. पुढची कुस्ती बघताना कोण मोठा हा प्रश्न बाजूला ठेवला तर दिसतं जास्त. चैत्रात आपल्या वाकड-ताथवडे-पुनावळ्याच्या बाजूला उत्सव सुरू झाले की आखाड्याच्या कडेला बसून बघा. हात मिळाल्यावर पहिला पाय कोणाचा पुढे येतो? उभा राहून मान दाबणारा कोण आणि वाकून पटाला जाणारा कोण? उंच पैलवान समोरच्याला छातीजवळ ओढतोय, की समोरचा त्याला लांब ठेवतोय? निम्म्या कुस्त्यांचा निकाल तिथेच कळायला लागतो. आणि हरलेल्या पोराला शिव्या द्यायच्या आधी त्याला नेमकी कुठली जोड लागली होती तेही कळतं.

मला स्वतःला एक कुस्ती बघायची आहे. राक्षे आणि सिकंदर, लाल माती, घड्याळ नाही, गुण नाहीत, निकाली. पहिली पाच मिनिटं राक्षेने सिकंदरला झोळीपासून लांब ठेवलं, तर सहाव्या मिनिटाला काय होईल? माझा अंदाज राक्षे. आमच्या ऑफिसातला मोहोळचा मित्र हे ऐकून उद्या जेवायच्या सुट्टीत भांडणार आहे, त्याचं म्हणणं पुढच्या भागात ऐकवतो. तोवर तुमच्या घरात कोणी जुने पैलवान असतील तर त्यांना हाच प्रश्न विचारा आणि उत्तराची व्हॉइस नोट पाठवा. भेटू.