खुर्चीची मुदत आणि लोकांचें सुख

राज्यकर्त्यानें आपल्या आसनावर किती काळ बसावें, म्हणजे लोक सुखी होतात? या प्रश्नाच्या उत्तरासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं.

१ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें. वसंतराव नाईक यांनीं डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, मुख्यमंत्रिपद सांभाळलें. त्यांच्यानंतर एखाद्या मुख्यमंत्र्यानें पांच वर्षांची मुदत पुरी केलेली पाहण्यास २०१९ साल उजाडावें लागलें. आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत एक सरकार अवघे चार दिवस टिकलें.

यावरून कोणी म्हणेल कीं, दीर्घ कारकीर्द तीच हितकर. १९७२ च्या दुष्काळांत रोजगार हमी योजनेचा आरंभ नाईकांच्याच काळीं झाला, हें खरें. स्थिर सरकारास मोठें काम हातीं घेतां येतें. परंतु ही कल्पना प्रामुख्यानें वि. स. पागे यांची, आणि तिचा कायदा झाला तो १९७७ सालचा, नाईक पायउतार झाल्यानंतरचा. मधल्या काळांत माणसें बदललीं, तरी मजुराचें काम बुडालें नाहीं. कारण तें कोणा एकाच्या मर्जीवर अवलंबून न राहतां कायद्यांत बसविलें गेलें.

मीं राहतों त्या मांजरीस वसंतदादा पाटील यांच्या नांवाची साखर संस्था आहे. वसंतदादांच्या मुख्यमंत्रिपदाच्या सर्व कारकीर्दी एकत्र मोजल्या, तरी चार वर्षें भरत नाहींत. पण सहकारी कारखान्यांनीं १९७५ सालीं उभारलेली ही संस्था अद्याप शेतकऱ्यांच्या उपयोगीं पडते. उसाची एक नवी जात सिद्ध होण्यास दहा-बारा वर्षें लागतात. कोणत्याही मंत्र्याच्या मुदतींत तें काम मावणारें नव्हे. तें संस्थेनेंच करावें लागतें.

मग मुदतीस महत्त्वच नाहीं काय? आहे, आणि तें आम्हां मांजरीकरांस चांगलें कळलें. जून २०२१ अखेर मांजरी बुद्रुक पुणें महानगरपालिकेंत गेलें व ग्रामपंचायत संपली. मार्च २०२२ मध्यें नगरसेवकांची मुदत सरली. निवडणूक लांबली, आणि तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. सरपंच गेले आणि नगरसेवक आले नाहींत. नळाला पाणी कां नाहीं, हें ज्यास हक्कानें विचारावें, असा मतानें बांधलेला माणूसच उरला नाहीं. प्रशासक कितीही कर्तबगार असो, तो वरिष्ठांस जबाबदार असतो, मतदारांस नव्हे.

अमेरिकेनें १९५१ सालीं घटनादुरुस्ती करून अध्यक्षानें दोनदांहून अधिक वेळां निवडून येऊं नये, असें ठरविलें. ब्रिटनच्या पंतप्रधानांस तशी मर्यादा नाहीं. दोन्ही देशांत लोकशाही चालते. कारण जाब देण्याचा दिवस दोहींकडे चुकत नाहीं. तो दिवस पुढें ढकलला गेला, कीं लहानशी कारकीर्दही लोकांस जाचक होते.

तेव्हां मत मागावयास कोणी आपल्या दारीं आला, तर तो किती वर्षें राहणार, एवढेंच विचारूं नका. त्याच्या कामांपैकीं कोणतें काम तो गेल्यावरही चालूं राहील, आणि त्याची तजवीज त्यानें काय केली आहे, हें अवश्य विचारा.